जुन्या वाड्यांची आणि देवळांची जबाबदारी महापालिकेने घ्यावी

संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

फ्रान्समधील खेड्यांतल्या जुन्या चर्चविषयीचा आपला लेख आवडला. मात्र ही चर्च टिकली कशी, हा मुद्दा त्यात राहून गेला. बडोदेकरांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

गार्तांप नदीकाठचे सँ-साव्हँ हे हजाराहून कमी वस्तीचे गाव. तेथील मठाच्या चर्चमध्ये सुमारे १७ मीटर उंचीच्या कमानदार छतावर अकराव्या-बाराव्या शतकांत बायबलमधील कथा चितारल्या गेल्या. नोहाची तीन मजली नौका, बाबेलच्या मनोऱ्यासाठी खांद्यावरून दगड वाहणारी माणसे, आणि हे सारे गेरू, पिवळी माती, हिरवा अशा मोजक्या रंगांत! १८३५ मध्ये सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी इमारतीची दुरवस्था पाहिली व दुरुस्तीसाठी नेटाने पाठपुरावा केला. १८४० मध्ये चर्च संरक्षित झाले, १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले.

परंतु प्रत्येक गावाला मेरिमे लाभत नाही. फ्रान्समध्ये चर्च व शासन यांना वेगळे करणारा १९०५ चा कायदा व नंतरच्या दुरुस्त्यांमुळे त्यापूर्वीची बहुतेक ग्रामचर्च गावाच्या मालकीची आहेत. उपासना भाविकांची, पण छप्पर गळले तर जाब नगराध्यक्षाला. लहान गावांना हा खर्च झेपत नाही हेही खरे, म्हणूनच २०१८ पासून वारशासाठी स्वतंत्र लॉटरी काढली जाते.

आपल्याकडे रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याची कृष्णलीला व रामायण-महाभारतातील प्रसंगांची भित्तिचित्रे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे निदान पाहता तरी येतात. संरक्षणाबाहेरच्या वाड्यांना आणि खासगी देवळांना मात्र कोणी वाली नाही. वारसांचे वाद चालू असतात आणि कौले सरकलेली राहतात. पाणी आधी तुळईच्या टोकाशी मुरते, मग चुन्याचा गिलावा फुगतो आणि एके दिवशी रंगासकट पोपडा सुटतो. तो पुन्हा बसवता येत नाही.

महापालिकेने अशा वास्तूंची यादी करून ती जाहीर करावी, प्रत्येकीसाठी जबाबदार अधिकारी नेमावा आणि अंदाजपत्रकात दरवर्षी केवळ छपरांच्या दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद ठेवावी. मालकीचा निकाल लागेपर्यंत हा खर्च वास्तूवर बोजा म्हणून नोंदवता येईल का, याचा विचार विधी विभागाने पुढच्या पावसाळ्यापूर्वी करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बडोदे