पंप खोलण्याआधी धूर बघा

संपादक महोदय,

अंबिया बहाराची तोड सुरू झाली की आमच्या मोर्शी-वरुड पट्ट्यात पहाटे एक आवाज हमखास ऐकू येतो. सेल्फ फिरतोय, फिरतोय आणि गाडी काही उठत नाही. मागे संत्र्याची कॅरेटं रचलेली, नागपूरचा कळमन्याचा बाजार गाठायचा आणि ड्रायव्हर नुसता किल्ली पिळतोय. अशा वेळी गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "पंप गेला भाऊ." पंप म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप. माझी सगळी नोकरी एसटीच्या आगारात डिझेल इंजिनाखाली गेली. पंप जातो, नाही असं नाही, पण इतक्या सकाळी, इतक्या गाड्यांचा नाही जात.

शेजारच्या पोराची जुनी पिकअप आहे, साध्या रोटरी पंपाची. गॅरेजवाल्यानं पंप काढला, कॅलिब्रेशनला अमरावतीला धाडला, आणून बसवला. तरी तेच. मग पोरगा माझ्याकडे आला, "काका, पंप करून आणला तरी गाडी उठून नाही राहिली." मी त्याला किल्ली नुसती ऑन-ऑफ करायला लावली आणि पंपाशी कान नेला. 'टक' आवाज यायला हवा, तो येत नव्हता. स्टॉप सॉलेनॉइडच्या, म्हणजे पंपावरच्या विजेच्या झडपेच्या, वायरच्या टोकाचा लग हिरवा पडून सुटला होता. या पंपात करंट आला तरच डिझेलची वाट उघडते, वायर सुटली की पंप कितीही चांगला असो, बंदच. नवा लग दाबला, गाडी चालू झाली. पंपाचं बिल मात्र भरावंच लागलं. "थोडा घासलाच होता" म्हणे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबानं तापलेली हवा, वेळेवर आलेलं डिझेल आणि इंजिन पुरेशा वेगानं फिरणं, एवढ्यावर ते पेटतं. म्हणून सेल्फ मारताना एका माणसानं सायलेन्सरपाशी उभं राहावं. धूर अजिबातच नसेल तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. एवढं बघायला पाना लागत नाही. निम्मा शोध तिथंच संपतो, आणि नेमका हाच भाग कोणी करत नाही.

धूर नसेल तर टाकी, सॉलेनॉइड, आणि मग हवा. जुन्या गाडीत सर्वांत जास्त त्रास हवेचाच. टाकीपासून पंपापर्यंतची लाईन डिझेल ओढते. तिथं रबरी पाईपला चीर गेली किंवा फिल्टरचं वॉशर बसलं, तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरतं आणि सकाळी सेल्फ खात बसतो. दिवसभर चालणारी गाडी पहाटेच अडत असेल, तर आधी याचाच संशय घ्यावा. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. बुडबुडे थांबतच नसतील तर लाईनमध्ये तात्पुरता पारदर्शक पाईप जोडावा, हवा जाताना डोळ्यांनी दिसते. फिल्टरखाली साचलेलं पाणी काढायचा नळही सोडून बघावा. शेतातल्या कॅनमधलं डिझेल ओतणाऱ्यांनी तर नक्कीच.

पांढरा धूर येत असेल तर थंडीच्या दिवसांत आधी हिटर प्लग, म्हणजे सिलिंडरमधली हवा तापवणारे प्लग, बघावे. सगळ्याच इंजिनांना ते असतात असं नाही, डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, बहुतेक जुन्या इंजिनांना नाहीत. मग बॅटरी. सेल्फ मारताना बारा व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर इंजिन फिरतंय असं वाटतं, पण डिझेल पेटण्याइतकी हवा तापत नाही. टायमिंग, डिझेल फवारणारं नोझल, कॉम्प्रेशन हे त्यानंतर, आणि ते काम गॅरेजचं.

एक मात्र कळकळीनं सांगतो. एअर फिल्टरपाशी चिंधी पेटवून धरणं किंवा पेट्रोलचा बोळा कोंबणं बंद करा. हिटरवाल्या इंजिनात त्यानं भडका उडतो, पिस्टन फुटतो. सेल्फही दहा-पंधरा सेकंदांपलीकडे मारू नका, मध्ये थंड होऊ द्या. आणि कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाडीत नोझलचा पाईप सैल करून डिझेल येतं का ते बघायच्या भानगडीत पडू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. त्या गाडीला स्कॅनरच लागतो.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. गॅरेजवाल्यांनी पंप खोलण्याआधी काय काय तपासलं ते बिलावर लिहून द्यावं. धूर होता की नव्हता, सॉलेनॉइडला करंट होता का, हवा काढली का, एवढंच. मालकांनीही ते मागावं, लाजू नये. दुसरं आपल्याकडे. आपल्या शेतीच्या पानावर फवारणीचं वेळापत्रक येतं, बाजारभाव येतात. ज्या गाडीवर तो माल बाजारात जातो, तिच्याबद्दल तोडीच्या आधी अर्धा रकाना द्यायला काय हरकत आहे? मजकूर मी लिहून देतो, मानधन नको. चित्र मात्र तुमच्या माणसाकडून काढून घ्या. मी काढलेला पंप नातवाला किटली वाटला.

– एसटीतून निवृत्त एक मेकॅनिक, ता. मोर्शी, जि. अमरावती