दिन्या, आपल्या गाडीचं ठरवायचंय

प्रिय दिन्या,

तब्येत ठीक. शुगर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो.

पोरगा आपली टाटा २०७ पिकअप भंगारात द्यायची म्हणतोय. घरात कुणाशी बोलायला गेलो तर "लोखंडाचं काय एवढं" म्हणतात, म्हणून तुला लिहितोय.

पावसाळ्यापासून ती विहिरीकडच्या बांधावर काटेसावरीखाली उभी आहे, शेजारी पांगारा. शिमगा झाला, दोन्ही झाडांवर पान नाही, नुसती फुलं. सावरीचं फूल वजनदार, टपावर पडलं की धप्प वाजतं. सकाळी भोरड्यांचा थवा उतरतो, काय कलकलाट करतात! दुपारी शेळ्या फाळक्याला पाय लावून हौद्यातली फुलं ओढतात. काल बॉनेट पुसलं तर खाली तुझा निळा रंग निघाला. मी हिरवा म्हणत होतो. अजूनही म्हणतो, हिरवाच शोभला असता.

पोराचं चूक नाही रे. दरवर्षी आरटीओत तपासणी, म्हणजे पासिंग, १५ वर्षांपुढच्या गाडीला फी वाढलेली, वर ग्रीन टॅक्स, त्यात क्लच प्लेट गेलेली. भंगारवाला रोख जास्त देतोय. पण त्याने गाडी कापली आणि आरसी रद्द झालीच नाही, तर उद्या तिचं इंजिन भलतीकडे सापडलं की पोलीस माझ्या दारात. म्हणून नोंदणी असलेल्या स्क्रॅप सेंटरलाच द्यायची म्हणतोय. तिथं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवीन गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट. पोरगा त्यावर खूश.

हिशेब सगळा पटतो. पण तिथं चेसिस नंबरचा तुकडा कापून काढतात म्हणे, आणि ते ऐकल्यापासून मला झोप नाही. पासिंगच्या आदल्या रात्री तू गाडीखाली उताणा पडून नंबरवर कागद धरायचास, पेन्सिल घासायचास, मी बॅटरी दाखवायचो. एकेक आकडा उमटला की मोठ्यानं वाचायचास. माळशेजच्या धुक्यात गाडीपुढं चालत वाट दाखवलीस तेव्हाही तीच बॅटरी होती. टोमॅटो कल्याणला पोचले, पण भाव पडलेला, आणि तू वडापाव खात म्हणालास, "गाडी तर आपली आहे ना!" ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि हो, मुरबाडजवळ गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तो तुझ्या जादा क्रेटमुळेच. खड्ड्याचं नाव घेऊ नकोस. वहिनींसमोर निकाल लावू.

धाकटीची दहावी कशी गेली? नवीन जागेत पाण्याचं जमलं का? वहिनींना नमस्कार.

पोराला मी पाडव्यापर्यंत थांबवलंय. त्याआधी एक दिवस काढ आणि ये. नंबरची शेवटची छाप तूच काढायची, मला खाली वाकता येत नाही. कागद आणि पेन्सिल मी आणून ठेवतो. कल्याणहून सकाळची एसटी धर, ओतूरच्या स्टँडवर घ्यायला येतो. यायचं नसेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे पोराला हो म्हणायला मोकळा.

तुझा,
सद्या