पंधराव्या अध्यायासाठी, बाईंना

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सलाम.

घरी येऊन आभार मानायला गेले असते, तर तुम्ही "आधी चहा घे" म्हणत विषय बदलला असता. शिवाय हे तुम्हा एकट्यांना सांगून माझं समाधान होणार नाही. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. त्यांना बायबलची वचनं भरपूर पाठ आहेत, नव्या वर्षी काढलेलं वचनाचं कार्ड भिंतीवर लावलेलं आहे, पण एखादा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणी शेजारी बसून वाचून घेतलेला नाही. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बाबांच्या दफनविधीत १ करिंथच्या, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या, पंधराव्या अध्यायातल्या शेवटच्या ओळी वाचल्या गेल्या. अरे मरणा, तुझी नांगी कोठे? मला ती नांगी त्या वेळी चांगलीच लागलेली होती, त्यामुळे ते शब्द कुणा दुसऱ्यासाठी असावेत असं वाटलं. पुढचे काही दिवस घरी माणसं येत राहिली. "देवाची इच्छा", "सुटले एकदाचे", "रडू नकोस, ते आता आनंदात आहेत." सगळे मायेनंच बोलत होते. तुम्ही आलात तेव्हा यातलं काहीच बोलला नाहीत. उठताना एवढंच विचारलंत, "तो अध्याय सगळा वाचलायस का गं कधी? ५८ वचनं आहेत. बसू की आपण."

आणि आपण बसलो. पहिल्या बैठकीत तुम्ही अर्थ सांगितलाच नाहीत, फक्त मोठ्यानं सगळा अध्याय वाचून घेतलात. कन्नड शाळेत शिकलेली शेजारची मुलगी तिच्या सत्यवेदातून, म्हणजे कन्नड बायबलातून, वाचायची, मी आपल्या पवित्र शास्त्रातून. मग तुमचा पहिला प्रश्न आला: पौल हे कुणाला सांगतोय, आणि समोरचा काय म्हणत होता म्हणून सांगतोय? उत्तर अध्यायातच होतं. बाराव्या वचनात करिंथातले काही जण म्हणतात की मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही. पस्तिसाव्या वचनात कुणीतरी विचारतो की मेलेले उठतात कसे आणि कोणत्या शरीरानं येतात. ही दोन माणसं दिसली की अख्खा अध्याय उलगडतो, कारण पहिला अर्धा भाग एकाला उत्तर आहे आणि दुसरा अर्धा दुसऱ्याला. तुम्ही लगेच प्रेषितांच्या कृत्यांतला सतरावा अध्याय उघडायला लावलात. करिंथला येण्याआधी पौल अथेन्सला होता आणि तिथं मेलेल्यांच्या उठण्याचं नाव काढताच लोक हसले होते. करिंथातल्या विश्वासणाऱ्यांनाही आत्मा टिकतो हे पटत होतं, शरीर उठतं हे पटत नव्हतं.

माझ्या मनातही नेमकं तेच होतं, बाई. बाबांचा आत्मा देवाजवळ आहे, एवढ्यावर मी कशीबशी उभी होते. हा अध्याय मात्र त्यांच्या हातांविषयी, चेहऱ्याविषयी, मातीत ठेवलेल्या त्या देहाविषयी बोलत होता.

सुरुवातीच्या साक्षीदारांच्या यादीवर तुम्ही किती वेळ थांबवलंत! केफा म्हणजे पेत्र, बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, सगळे प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. हे पत्र इफिसातून साधारण इ. स. ५५ च्या सुमारास गेलं, म्हणजे वधस्तंभाला जेमतेम २५ वर्षं झाली होती. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असं पौल लिहितो. "म्हणजे जा आणि विचारा, असंच म्हणतोय तो," तुम्ही म्हणालात. आणि त्यानंतर 'जर'ची ती साखळी. जर मेलेले उठत नाहीत तर ख्रिस्तही उठला नाही. तो उठला नसेल तर आमची घोषणा पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, तुम्ही अजून पापातच, आणि ख्रिस्तात झोपी गेलेल्यांचा नाश झाला. पौल शेवटपर्यंत जातो, कुठंच हात आखडत नाही. विश्वासाचा सगळा डोलारा एका घटनेवर उभा आहे हे शास्त्र स्वतःच इतक्या उघडपणे कबूल करतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

सव्विसाव्या वचनाबद्दल तर मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. शेवटचा शत्रू मरण आहे, तो नाहीसा केला जाईल. शत्रू! आमच्या घरी आलेल्या कुणीच त्याला शत्रू म्हटलं नव्हतं. सगळे त्याच्याशी समजुतीनं घ्यायला सांगत होते. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "शत्रूनं घरात शिरून माणूस नेला तर रडू नको तर काय करू? लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. त्याला तर ठाऊक होतं की घटकाभरात तो लाजराला उठवणार आहे." त्या दिवशी मी तुमच्यासमोर मनसोक्त रडले. आशा आणि रडणं एकाच जागी राहू शकतात, ही शिकवण मला कोणत्याही सुट्या वचनातून मिळाली नसती. ती मिळाली त्या क्रमातून: आधी ख्रिस्त, मेलेल्यांतून उठलेला प्रथमफळ, मग त्याच्या येण्याच्या वेळी त्याचे लोक, आणि सर्वांत शेवटी मरणाचा नाश. आपण अजून मधल्या काळात आहोत.

संडे स्कूलमध्ये आम्हाला एक वचन घोकवलं जायचं, वाईट संगतीनं नीती बिघडते. ते याच अध्यायात, तेहतिसावं, निघालं तेव्हा मी चकित झाले. पौलानं ते मेनांदर या ग्रीक नाटककाराच्या ओळीवरून घेतलं आहे आणि बजावतोय ते पुनरुत्थान नाकारणाऱ्यांच्या संगतीबद्दल. त्याच्या आधीचं 'खाऊ, पिऊ, उद्या मरायचंच आहे' हे यशयाच्या बाविसाव्या अध्यायातलं. एकोणतिसाव्या वचनातल्या मेलेल्यांसाठीच्या बाप्तिस्म्यापाशी मात्र तुम्ही सरळ सांगितलंत की याचे अनेक अर्थ लावले गेले आहेत, एकावर बोट ठेवता येत नाही, पुढं चला. त्या प्रामाणिकपणामुळे बाकीच्या गोष्टींवर माझा भरवसा आणखी वाढला.

बियाण्याचा दाखला वाचला तो मे महिन्यात. आमच्या शिवारात धूळवाफ पेरणी चालली होती. कोरड्या मातीत भात टाकून माणसं आभाळाकडं बघत होती. तुम्ही मला बांधावर नेलंत आणि छत्तिसाव्या वचनापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत तिथंच वाचून घेतलंत. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. तरी भाताचं भातच येतं, कारण देव प्रत्येक बीजाला त्याचं स्वतःचं शरीर देतो. मी विचारलं, मग बाबा मला ओळखू येतील का? तुम्ही म्हणालात, "'त्याचं स्वतःचं' एवढं पौल म्हणतो. अशक्तपणात पेरलं जातं, सामर्थ्यात उठवलं जातं, एवढं म्हणतो. तो थांबतो तिथं आपणही थांबायचं, बाळ." तुम्हाला मला खूश करणारं उत्तर सहज देता आलं असतं. तुम्ही दिलं नाहीत, आणि जे दिलंत ते आजवर टिकलं आहे.

अठ्ठावन्नाव्या वचनातला 'म्हणून' तुम्ही पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलात. इतकं सगळं सांगून झाल्यावर पौल म्हणतो, म्हणून स्थिर राहा, प्रभूच्या कामात झटत राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आणि वचनांचे १५५१ सालचे, त्यामुळे पान उलटून पुढं वाचायचं, असा तुमचा आग्रह. पुढं लगेच येरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठीची वर्गणी! मरणाच्या पराभवाची घोषणा होते न होते तोच आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं काही बाजूला काढून ठेवा, हे सांगणं. बाबा तालुक्याच्या कचेरीपाशी बसून कन्नड न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून द्यायचे, उतारे वाचून दाखवायचे. ते काम आता मी करते. त्या 'म्हणून'मुळे करते.

तुमच्यामुळे मग पुढचे अध्यायही झाले. प्रीतीसाठी करिंथचाच तेरावा, विश्वासासाठी इब्रीचा अकरावा, जिभेसाठी याकोबाचा तिसरा. एका विषयाला वाहिलेला अध्याय आधी पूर्ण वाचायचा, शेजारचे संदर्भ नंतर पाहायचे, पण पाहायचेच, हा तुमचा नियम. रोमकरांस चौथा अध्याय आणि याकोबाचा दुसरा शेजारी ठेवून वाचले तेव्हा त्याचं कारण कळलं. दोघंही अब्राहामाबद्दलचं उत्पत्ती १५:६ हेच वचन घेतात. पौल कर्मांवर भिस्त ठेवणाऱ्यांशी बोलतो, याकोब कृतीशिवायच्या विश्वासावर निर्धास्त बसलेल्यांशी. एकच वाचून थांबलो असतो तर शिकवण अर्धीच हाती आली असती.

मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले आणि इथंच १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे तुम्ही किती अभिमानानं सांगता. मराठीतून शास्त्र समजून घेण्याची ती परंपरा या गावात तुमच्या घरच्या चटईवर अजून चालू आहे, हे मला आज अभिमानानं सांगायचं आहे.

आमच्या वाडीतल्या महिला मंडळानं आता २ करिंथचे आठवा आणि नववा हे दानाविषयीचे अध्याय धरले आहेत. वाचून घेणारी मीच आहे. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी कमालीच्या गरिबीतून औदार्यानं दिलं, तिथपर्यंत पोहोचलो आहोत, आणि दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा, प्रश्न आत्ताच निघाला आहे. पुढच्या गुरुवारी तुम्हाला न्यायला भावाला गाडी घेऊन पाठवते. जुनी पेन्सिल तेवढी आणा. बाई, मनापासून आभार.

तुमची,
खानापूरची विद्यार्थिनी