आई, ते कपाट एवढ्यात आवरू नकोस

प्रिय आई-बाबा,
शि. सा. न.

परवा फोन मधेच कट झाला म्हणून म्हटलं लिहूनच टाकते. आई तू विचारत होतीस ना, एवढ्या थंडीत लाल टीशर्ट घालून संध्याकाळी कुठे पळत असतेस? तर ते गुडजिम. लंडनमध्ये चालू झालेला प्रकार, आता आमच्या ऑक्सफर्डलाही ग्रुप आहे. नुसतं पळायचं नाही, पळत कुठेतरी जायचं, तिथे पाऊण-एक तास काम करायचं, कधी बागेतलं तण काढ, कधी फूड बँकेत, म्हणजे गरजूंना खाण्याचं सामान देतात तिथे, डबे लाव, आणि पळत परत. बाबा म्हणतील फुकटची हमाली. हो, तसंच आहे.

या आठवड्यात काउली रोडवरच्या एका चॅरिटी शॉपमध्ये गेलो होतो. लोक जुने कपडे, पुस्तकं, कपबश्या आणून देतात, दुकान ते विकतं आणि पैसे संस्थेला. आपल्या बोहारणीसारखंच, फक्त बदल्यात पातेलं मिळत नाही. देणारा टॅक्स भरत असेल आणि त्याने फॉर्म भरून दिला असेल तर विक्रीच्या दर पाउंडामागे सरकार वर २५ पेन्स देतं, म्हणून तशा पिशव्यांवर स्टिकर असतो, तो हरवायचा नाही. आणि बाबा, ऑक्सफॅम म्हणून एक मोठी मदतसंस्था आहे, तिचं असलं पहिलं कायमचं दुकान इथेच ब्रॉड स्ट्रीटवर १९४७ ला निघालं, तुमच्या जन्माच्या वर्षी. अजून चालू आहे, तुमच्यासारखंच.

तर मागच्या खोलीत छतापर्यंत पिशव्या. ओतायच्या, निवडायचं, चांगलं असेल ते हँगरला लावून स्टीमर फिरवायचा, टॅगिंग गनने किमतीचं लेबल मारायचं. फाटकं, डागाळलेलं वेगळ्या पोत्यात, ते किलोवर जातं, त्याचेही पैसे येतात. मी शहाणपणा करून एक सायकलचं हेल्मेट शेल्फवर मांडलं तर मॅनेजरबाई धावतच आल्या, जुनं हेल्मेट विकत नाहीत म्हणे, आतून तडकलं असेल तर बाहेरून कळत नाही.

मग माझ्याकडे सहा पिशव्या आल्या, सगळ्या एकाच घरातल्या. कुणी सांगितलं नाही पण कळतंच, सगळ्याला एकच पावडरीचा वास. कुणा बुटक्या आजीचे कार्डिगन असणार, सगळ्यांच्या बाह्या आत दुमडून हाताने टाके घातलेले, करड्या कार्डिगनला पण निळाच दोरा, म्हणजे सुईत होता तोच वापरला, तू करतेस तस्सं. एकाच्या खिशात घडी केलेला रुमाल. मॅनेजरबाई म्हणाल्या, मुलं लांबून येतात, दोन दिवसांत घर रिकामं करून चावी द्यायची असते, कोण बघत बसणार. मी ते टाके उसवले नाहीत, तसंच लेबल मारलं, साडेचार पाउंड. परत पळताना सगळ्यांच्या मागेच राहिले.

तर सांगायचं ते हे. गेली दोन वर्षं मी दर फोनला तुमच्या मागे लागलेय ना, घर आवरा, जुनं काढून टाका, तर आता नका काढू. म्हणजे वर्तमानपत्रांची रद्दी खुशाल द्या, आणि तो बंद पडलेला मिक्सरही. पण गोदरेजचं कपाट तसंच राहू दे. मी डिसेंबरात सांगलीला येतेय, तीन आठवडे आहे, आपण दोघी खाली सतरंजी टाकून बसू, एकेक साडी काढ आणि सांग कुणाच्या लग्नातली, कुणी नेसवली, कुठे भांडण झालं होतं, मी लिहून घेईन. बाबा, तुमच्या त्या स्क्रू-खिळ्यांच्या बोर्नव्हिटाच्या डब्याला कुणी हात लावणार नाही, आधी बोलले ते मागे घेते.

आणि आई, ती मोरपंखी नारायणपेठ बोहारणीला दाखवली म्हणालीस, नुसती दाखवलीस की दिलीस? असली तर आजच फोटो पाठव.

तुमची,
ताई