डॉक्टर मॅडम, त्या शेवटच्या ओळीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अण्णा काल उसाकडे चालत जाऊन आले आणि आल्या आल्या मोटर चालू ठेवल्याबद्दल माझ्यावर खेकसले. म्हणजे तब्येत ठीक आहे. वडिलांच्या किडनीच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसला, त्याबद्दल तुमचे तोंडी आभार मानले होते, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना.

तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर आमची पुरती वरात निघाली होती. बीपीच्या चार गोळ्या, तरी आकडा हटेना. एका दवाखान्यात रॅमिप्रिल ही बीपीचीच आणखी एक गोळी सुरू केली, रक्तातलं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, तर गोळी बंद केली. का चढलं, याचा विचार कुणी केला नाही. रात्री-अपरात्री फुप्फुसात पाणी भरून अण्णांचा जीव कासावीस व्हायचा, आणि सगळे हृदयच तपासत बसायचे. शेवटी कळलं की एक किडनी आधीच सुकलीय आणि दुसरीची धमनी अगदी तोंडाशी आवळलीय. ज्या मोठ्या हॉस्पिटलात हे कळलं, तिथल्या काउंटरवरच्या माणसानं साध्या आणि औषधाचा थर असलेल्या, म्हणजे औषधी, स्टेंटचे दर माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "वडिलांच्या जिवावर काटकसर करू नका." दोन्हींत फरक काय, तर "हा भारी आहे." झालं.

मलाही तो भारीच वाटत होता. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारनं हृदयाच्या स्टेंटचे दर बांधले, तेव्हा साधा 7,260 ला आणि औषधी 29,600 ला, हे पेपरात वाचलेलं डोक्यात पक्कं बसलेलं. चौपट किंमत, मग चौपट गुणही असणारच!

तुम्ही मात्र सुरुवातच उलटी केलीत. किडनीची धमनी अरुंद झाली की स्टेंट टाकायचाच, असं नसतं म्हणालात. 947 रुग्णांच्या एका अभ्यासाचं सांगितलंत. तो 2014 साली छापून आला, आणि त्यात गोळ्यांवर राहिलेले आणि स्टेंट टाकलेले, दोघांचं जवळपास सारखंच झालं होतं. पण अण्णांची एकच किडनी चालू, त्यात फुप्फुसात पाणी भरतंय, म्हणून त्यांना स्टेंट हवाच. कुठला, ते मग सांगितलंत. औषधाचा थर मुख्यतः हृदयाच्या तीन-साडेतीन मिलिमीटरच्या बारीक धमन्यांसाठी, कारण तिथे आत पेशी वाढल्या की वाट लगेच बुजते. अण्णांची धमनी सहा मिलिमीटरची. तिथे तोंडाशी घट्ट उभा राहणारा, फुग्यानं फुगवायचा साधा धातूचा स्टेंट लागतो. किडनीसाठी दोन्ही प्रकार ताडून पाहिले ते 105 रुग्णांत. सहा महिन्यांत औषधीवाल्यांत 6.7 टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या, साध्यावाल्यांत 14.3. हा आकडा तुम्ही लपवला नाहीत. एवढ्या थोड्या रुग्णांवरून फरक खरा की योगायोग हे ठरत नाही, असं म्हणालात. धमनी चारच्या आतली असती तर वेगळा विचार केला असता, हेही सांगितलंत.

मी मान डोलावली, पण उठेना. तुम्ही विचारलंत, "घरी कोण बोलेल?" मी म्हटलं, चुलते. उद्या काही बिघडलं तर थोरल्यानं पैसे वाचवले, हेच गावभर होणार.

तेव्हा तुम्ही केसपेपर पुन्हा ओढून घेतलात आणि मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलंत: "दोन्ही पर्याय समजावले. धमनी 6 मि.मी. साधा स्टेंट योग्य. हा सल्ला माझा आहे." खाली सही, तारीख.

मॅडम, बाहेर रांग दारापर्यंत आली होती. तुम्हाला हे लिहायची काही गरज नव्हती. उलट उद्या कुणी हाच कागद तुमच्यापुढे नाचवला असता. चुलत्यांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला, घडी घालून परत दिला आणि गाडी कधी सांगायची ते विचारलं. त्या रात्री मी झोपलो.

हुशार डॉक्टर आम्हाला आधीही भेटले होते. आपला शब्द आपल्या नावावर लिहून देणारं कुणी भेटलं नव्हतं. तुमच्या वॉर्डातले मामाही तसेच. चहाला म्हणून पुढे केलेली नोट त्यांनी माझ्याच खिशात कोंबली.

पुढच्या महिन्यात डॉप्लरला, म्हणजे धमनीतलं रक्त नीट वाहतंय का ते पाहायच्या सोनोग्राफीला, येतोय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तंबाखू बंद आहे (निदान माझ्यासमोर). तुम्ही भेटवस्तू घेत नाही, हे सिस्टरनी सांगितलंय. पण घरच्या गुऱ्हाळाची काकवी भेटवस्तूत धरत नाहीत, असं अण्णांचं म्हणणं आहे. बरणी भरून ठेवलीय. त्यांच्याशी वाद तुम्हीच घाला.

आपला,
अण्णांचा थोरला