सुट्टीत लेकरांच्या हाती पुस्तक राहू द्या

सर्व सभासद पालकांना नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली. दुपारच्या उन्हात लेकरांना बाहेर सोडता येत नाही आणि घरात बसलं की मोबाईल. म्हणून शाळा उघडेपर्यंत वाचनालयाचा बालविभाग रोज सकाळी ८ ते ११ उघडा राहील. एका लेकराला एकावेळी ३ पुस्तकं मिळतील, उशिराचा दंड नाही.

एक कळकळीची विनंती. पुस्तक लेकरालाच निवडू द्या. परवा एक पोरगी कपाटाशी मांडी घालून विहिरीतल्या भुताची गोष्ट वाचत होती. वडिलांनी ती काढून घेऊन सामान्यज्ञानाचं पुस्तक हातात दिलं. ते तिनं उघडलंसुद्धा नाही. भुताचं, क्रिकेटचं, नुसत्या चित्रांचं, काहीही चालेल. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारत बसू नका. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की आजीला दोन पानं वाचून दाखवायला सांगा, आजी हुंकार देते तेव्हा लेकरू आपोआप पुढचं पान उलटतं.

मामाच्या गावाला जाणाऱ्यांनी पुस्तकं सोबत न्यावीत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मोबाईलवरही मोफत वाचता येतात.

पुस्तक फाटलं तर तसंच आणून द्या, आपण चिकटवून घेऊ. लेकराला रागावू नका.