स्मारकाच्या दगडाबद्दल

परळ, मुंबई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

16 डिसेंबरच्या आत पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाचा दगड उजळायचं काम माजी सैनिक संघटनेनं तुझ्या गळ्यात घातलंय म्हणे. कितीही घाई असली तरी अ‍ॅसिडला हात लावू नकोस. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ. अ‍ॅसिड पडलं की जो फेस येतो, तो मळ नव्हे, दगडच विरघळत असतो, आणि आधी जातात त्या अक्षरांच्या कडा. साध्या पाण्यानं दगड भिजव, मऊ नायलॉनच्या ब्रशनं खालून वर घासत जा. वरून सुरुवात केलीस तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. शेवाळ ओलं असतानाच बांबूच्या चपट्या काडीनं खरवड. तारेच्या ब्रशचे कण अडकून पावसाळ्यात गंजाचे ठिपके उठतात. ऑइलपेंटही नको, आतली ओल कोंडते.

पुसट अक्षरांसाठी रात्री टॉर्च दगडालगत आडवा धरून फोटो काढ. 1914–1919 असं दिसलं, की कुणीतरी 1918 करा म्हणणारच. लढाई थांबली 11 नोव्हेंबर 1918 ला, तह झाला 28 जून 1919 ला. खोडाखोड करू देऊ नकोस.

असल्या दगडांवर बहुधा गावातून किती लढाईवर गेले नि किती मेले एवढंच असतं. नव्या फलकावर नावं घालायची तर कागदावरून घ्या, पारावरच्या आठवणींवरून नकोत. युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या यादीत ‘रायगड’ शोधून काही मिळणार नाही, तेव्हा जिल्हा कुलाबा होता. पलटणीही जुन्या आकड्यांच्या: 103, 105, 110, 114, 116, 117 मराठा, महारांची 111. नावांची स्पेलिंगं कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून बापाचं नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय कोरायला देऊ नका. दगडावर चूक झाली की झाली.

संघटनेची कार्यकारिणी बदलली असेल तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेलाय का, तेही विचार. नाहीतर फलकाचे पैसे काढताना सही कुणाची, यावर अडेल.

बोटीवर गेलेले खलाशी पलटणीच्या यादीत सापडायचे नाहीत. त्यांचं स्मारक इथे मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. तशी नावं असतील तर बापाच्या नावासकट पाठव, मी जाऊन बघतो.

तुझे बाबा